ओळ पुढे सरकेना

माझ्या आजाराची पहिली खबर मला एका बाटलीवरच्या लेबलाने दिली.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करते. खाली माल तयार झाला की त्याचा नमुना वर आमच्याकडे येतो. आम्ही तो तपासून पास केला की टँकर भरतो. त्या सकाळी नमुन्याची बाटली माझ्या हातात होती. लेबल मीच चिकटवलेलं, अक्षर माझंच. एकेक अक्षर लख्ख दिसत होतं, पण लेबलाच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटून गेलेली असायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. खालून फोन वाजत होता, टँकरवाला खोळंबला होता, आणि शाळेत जायच्या आधीपासून मिळेल तो कागद वाचत आलेली मी एका बोटभर चिठ्ठीपुढे उभी होते. ती मला वाचता येत नव्हती.

मग छाती आवळली. डावा हात जड झाला. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणाली, "सुजाता, बस आधी. अगं ओठ बघ तुझे, पांढरे पडलेत."

"टँकर थांबलाय."

"टँकर गेला खड्ड्यात. बाटली दे इकडे."

तिने ती बाटली माझ्या हातातून एकेक बोट सोडवून घेतली. त्यानंतरचं नीट आठवतं ते हॉस्पिटलचं छत.

तुमच्या हातात आत्ता अशी एखादी बाटली असेल, फाईल असेल, वह्यांचा गठ्ठा किंवा गाडीचं स्टेअरिंग असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या घरात असं माणूस असेल तर तुमच्यासाठीही. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. माझ्यावर जे आलं आणि ज्याने मी थक्क झाले, तेवढंच सांगते.

रिपोर्ट नॉर्मल

महाडच्या त्या वॉर्डात प्रत्येक खाटेच्या आजाराला नाव होतं. एकीला लेप्टो, एकीला विंचू चावलेला, एकीच्या पित्ताशयात खडे. सकाळी फिनेलचा वास आला की दिवस सुरू. मग नर्स दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघायची, मग चहा, मग बायका एकमेकींची चौकशी करायच्या.

"तुला काय गो?" विंचूवालीने विचारलं.

"अजून कळलं नाही."

"मग ॲडमिट कशाला केला?" तिला माझी खरंच कीव आली.

ईसीजी काढला. रक्त घेतलं. छातीचा फोटो झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हृदय उत्तम आहे. सगळं नॉर्मल."

आईने हात जोडले. मी रडायला लागले. चांगली बातमी ऐकून मी का रडते आहे ते आईला कळेना, आणि मला ते सांगता येईना. काहीतरी सापडावं अशी माझी इच्छा होती. सापडलं असतं तर मला झोपून राहायचा हक्क मिळाला असता.

डॉक्टरबाई गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

"शेवटचं पोटभर कधी झोपलीस?"

मला आठवेना.

"काम सोडून काय आवडतं?"

"वाचायला."

"सध्या काय वाचतेयस?"

घरी उशाशी पुस्तक होतं, ते उन्हाळ्यापासून त्याच पानावर उघडं पडलेलं होतं. मग मी त्यांना लेबलाचं सांगितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, मला वेड लागायला लागलंय.

त्यांनी मान हलवली. हे त्यांनी आधीही ऐकलेलं होतं, हे त्या मान हलवण्यातूनच कळलं, आणि त्यानेच मला अर्धं बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "याला बर्नआउट म्हणतात. कामाच्या ताणाने माणूस आतून पार रिकामं होतं. नाटक नाही, भित्रेपणा नाही. तुझा मेंदू इतके महिने ओझं ओढत होता. आता तो खाली बसलाय. त्याला उठवायला काठी मारू नकोस."

"वाचणं परत येईल?"

"येईल. कधी, ते मी सांगू शकत नाही. मनोविकारांचे एक डॉक्टर दर आठवड्याला इथे येतात, त्यांना दाखवू. आणि एक ऐक, त्या वाचण्याच्या मागे लागू नकोस."

तुम्हाला असं काही होत असेल तर आधी तपासण्या करून घ्या, छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर तिथेच घरी निघून येऊ नका. नॉर्मल रिपोर्टच्या पलीकडेही आजार असतो. डॉक्टरला वेळ नसेल तर दुसरा डॉक्टर गाठा, पण ते लेबलाचं कुणाला तरी सांगा.

दमणं आमच्या घरात नव्हतं

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. पण त्यांचं खरं काम पत्रकांचं. लिहायची, छापून घ्यायची, वाटायची. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो, तेव्हा बाबा रस्त्याच्या कडेला चादर पसरून पुस्तिका विकायला बसायचे. उन्हातान्हात मी त्या चादरीवर वाढले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ ही मी वाचलेली पहिली ओळ आहे. त्या तीन शब्दांत काळ्या शाईतून एक माणूस उठून उभा राहिला आणि माझ्याशी बोलायला लागला, हे मला अजून आठवतं. तेवढा चमत्कार मी नंतर कुठल्या प्रयोगशाळेत पाहिला नाही.

अशा घरात ‘मी दमले’ असं कुणी म्हणत नाही. ज्यांनी एवढं सोसलं त्यांची लेकरं आपण, आपण कसलं दमायचं?

कंपनीत आमच्या लॅबमधले दोघं सोडून गेले. त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्यांचं काम रेश्मावर आणि माझ्यावर आलं, एका शिफ्टला लागून दुसरी सुरू झाली. घरी आल्यावरही फोनवर ग्रुप चालूच. ते झालं की वस्तीतल्या मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, कंत्राटी कामगारांच्या तक्रारींचे अर्ज, रविवारचा वर्ग, बाबांच्या पत्रकांचं शुद्धलेखन. हे दुसरं सगळं मला मनापासून हवं होतं. पण शरीराला त्यातला फरक कळत नाही. लादलेला तास आणि स्वतःहून दिलेला तास ते एकाच पाठीवर घेतं.

मधे एकदा कंपनीने ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं. पुण्याहून आलेल्या सरांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. श्वास आत घ्या, दोन सेकंद धरा, सोडा. मी हात वर केला. "सर, लॅबमधल्या दोन रिकाम्या जागा कधी भरणार?"

"तो आपल्या सत्राचा विषय नाही," ते हसून म्हणाले. "तुम्ही श्वासावर लक्ष द्या."

आज बरी झाल्यावरही मी त्या प्रश्नावर ठाम आहे. श्वास घ्यायला शिकवा, जरूर शिकवा. पण चौघांचं काम दोघांवर टाकून वर श्वासाची शिकवणी देणं ही थट्टा आहे.

बाबांचं पत्रक

घरी आल्यावर दोन दिवस मी नुसती झोपले. जागी झाले तेव्हा माझ्या उशाशी बाबा कागद घेऊन बसलेले होते. चष्मा कपाळावर, डोळे लाल.

"लिहिलंय," ते म्हणाले. "कंपनीच्या गेटवर वाटायचं. तू एकदा नजर घाल."

कागद हातात घेतला. बाबांचं टपोरं अक्षर, लहानपणापासून ओळखीचं. पहिली ओळ. पहिली ओळ. पहिली ओळ. मी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. माझ्याबद्दल लिहिलेलं, माझ्या बापाने लिहिलेलं, आणि मी त्या कागदाच्या बाहेर उभी.

"काय गं? कडक झालंय का?"

"बाबा, मला वाचता येत नाही."

त्यांना आधी वाटलं चष्मा लागला असेल. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. एसटीच्या इंजिनाखाली आयुष्य काढलेला माणूस, संपात लाठी खाल्लेला. त्या चेहऱ्यावर मी भीती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दारातून आई बोलली. ती कधी बाबांना उलटून बोलत नाही. "वाचता येत नाही तिला! तरी कागदच ठेवा तिच्यापुढे. तुमची चळवळ आणि तिची कंपनी, दोघांनी मिळून खाल्ली माझी पोरगी."

मग बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मोठ्याने वाचायला लागले. ‘कंपनीने माझ्या तरुण मुलीला संपवलं’ या ओळीला मी थांबवलं.

"ते काढा."

"का? खोटं आहे?"

"हो. मी संपलेली नाही."

बाबांनी पेन काढून ती ओळ खोडली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला आणि हाक मारली, "अहो, ऐकलंत का, जेवायला वाढा हिला." माझ्या आठवणीत त्यांनी आईला ‘अहो’ म्हणण्याची ती एकमेव वेळ. आई तशीही घाबरलेली होती, त्याने आणखीच घाबरली.

सलाईन लावलं का?

मनोविकारांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रजेसाठी सर्टिफिकेट दिलं आणि जागा बदलायला सांगितली. फोन बाबांकडे ठेवून मी पोलादपूर तालुक्यात कापड्याला, आत्याच्या घरी गेले. शेवंती आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा वारला, मुलगा मुंबईला. आमची बौद्धवाडी गावाच्या कडेला, खाली भाताची खाचरं, वर डोंगर. लावणी चालू होती.

आजारी माणसाला बघायला जाणं हे आमच्याकडे कर्तव्य आहे, आणि कर्तव्यात कुणी कसूर करत नाही. कमरेपर्यंत भिजलेल्या बायका लावणीवरून थेट यायच्या, ओटीवर टेकायच्या.

"काय झालं गो पोरीला?"

"दमलेय," आत्या सांगायची.

"दमलेय? मग आमी काय करतो? आमीपन दमलोय!" आणि सगळ्या हसायच्या. मग एकजण हळूच, "सलाईन लावलं का?"

"नाय."

"सलाईनपन नाय?" सगळ्यांचे चेहरे पडायचे. ज्याला सलाईन लागलं नाही त्या आजाराचं करायचं काय, हे कुणालाच समजायचं नाही. तरी जाताना प्रत्येकजण काहीतरी ठेवून जायची. दोन अंडी, रानातली शेवळाची भाजी, घरची चटणी. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे आणि मला हे सगळं असह्य व्हायचं. माणसांचं प्रेमसुद्धा तेव्हा एक काम वाटायचं. ते वाटणं हाही आजारच असतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुम्हाला तसं वाटत असेल तर स्वतःला दुष्ट समजू नका.

आणि सांगितलं होतं ते न ऐकता मी वाचण्याच्या मागे लागले होते. चोरून. चहाच्या पुड्यावरची, काडेपेटीवरची, एसटीच्या पाटीवरची अक्षरं. दोन शब्द जमायचे, तिसऱ्याला पहिला जायचा. नोकरी गेली तर दुसरी बघता आली असती. पण वाचणं गेलं तर सुजाता म्हणून कोण उरणार होतं?

साधू, साधू, साधू

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वंदना, मग कुणीतरी वाचणार, बाकीचे ऐकणार. खंड पडू द्यायचा नाही. कॉलेजात असल्यापासून मी सुट्टीत कापड्याला आले की वाचायचं काम माझंच. त्यामुळे मी आले आहे म्हटल्यावर वाडीने काय ते गृहीत धरलं. थकवा घालवायला वाचनासारखं औषध नाही, असंही त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. पांढरी साडी नेसून मी जाऊन बसले. पत्र्यावर पाऊस, खाली चटयांवर वाडी. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. सगळ्यांनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. मग पांढऱ्या कापडावरचा ग्रंथ माझ्यापुढे उघडला गेला.

पहिलं वाक्य मी वाचलं. आवाज ठीक आला. दुसऱ्यावर नजर गेली आणि पहिलं पुसलं गेलं. मी पुन्हा पहिलं वाचलं. पुढे सरकायला गेले, काठ तुटल्यासारखं झालं, पुन्हा पहिल्यावर. घाम फुटला. तिसऱ्यांदा तेच वाक्य वाचताना माझा आवाज भरून आला होता.

समोर बसलेले विठ्ठलकाका, विहाराचे अध्यक्ष, भारावून मागे वळले. "ऐका नीट. पोरगी मुद्दाम जोर देतेय. हे वाक्य महत्त्वाचं हाय."

मी चौथ्यांदा तेच वाचलं. सबंध विहार एका आवाजात अनुमोदन देत म्हणाला, "साधू! साधू! साधू!"

त्या क्षणाचं मला आज हसू येतं, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटतं. मी त्यांच्यापुढे मोडून पडत होते आणि त्यांना माझ्या मोडण्यात अर्थ दिसत होता. ते हात जोडून ऐकत होते. माझ्याकडून चूक होऊ शकते ही शंकाही त्यांच्या मनाला शिवली नव्हती. एवढा विश्वास माणसं कुठून आणतात?

पाचव्यांदा सुरुवात केली तेव्हा शेवंती आत्या उठली. माझ्याजवळ आली, पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "जोर नाय देत ती. तिला वाचता येत नाय. तोच आजार हाय तिचा."

मला वाटलं, आता जमीन फाटावी.

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे बापरे. मग हा खरा आजार हाय." आणि मला कळलं की वाडीला इतके दिवस न कळलेली गोष्ट आत्ता कळली. सलाईनची गरज संपली. इथे प्रत्येक घराला माहीत आहे की वाचता न येणं काय असतं. आज्यापणज्यांना येऊ दिलं नव्हतं. एकदा मिळालेली ती वस्तू कुणाच्या हातून जाते आहे, याच्यापेक्षा मोठं दुखणं त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती.

"पन वाचनार कोन?" विठ्ठलकाका म्हणाले. "खंड नाय पडता कामा." त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू पिकलेला. वाचणारी तरुण पोरं मुंबईला आणि पुण्याला.

"मी वाचते," आत्या म्हणाली.

"तू? शेवंते, तुझं एक पान होईपर्यंत सकाळ होईल."

"मग भाकऱ्या बांधून आना."

आत्या वाचते

आत्या चाळिशी ओलांडल्यावर रात्रवर्गात वाचायला शिकली. लोकांसमोर ती कधी वाचत नसे. एकेक अक्षर जोडून, ओठ आधी हलवून, मग मोठ्याने. जोडाक्षर आलं की थांबायची, त्याच्याकडे रागाने बघायची, मग एकदम बोलून टाकायची. चुकलं की बायका खिदळायच्या आणि ती म्हणायची, "हसा. उद्या वाचायची पाळी तुमची लावते."

मी चटईवर मागे बसून ऐकत होते. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की मला ऐकू येतंय. म्हणजे आवाज नाही, अर्थ. आत्याचा एक शब्द आणि पुढचा शब्द यांच्या मधे एवढी जागा होती की माझा दमलेला मेंदू पहिल्याजवळ बसून राहू शकत होता, दुसरा येईपर्यंत. एका वाक्याला तिला लागायचा तेवढाच वेळ मला लागत होता. कितीतरी महिन्यांनी एक वाक्य माझ्यात सुरू झालं आणि माझ्यातच पूर्ण झालं.

मी सुन्न होऊन बसले. मी आयुष्यभर धावत वाचलं. वादात वापरायला वाचलं, भाषणाला वाचलं, उत्तर द्यायला वाचलं. कुणी मला वाचून दाखवतंय आणि मला त्याचं काहीही करायचं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. काही संध्याकाळी मी ऐकता ऐकता झोपून जायचे, माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकाही झोपलेल्या असायच्या, पण पान पुढे सरकत असायचं. शेवटच्या वंदनेला शेजारीण मला कोपराने ढोसायची. "उठ गो. साधू म्हन."

तेव्हापासून बाकीच्या गोष्टीही उघडायला लागल्या. झोप आली, खरी, तळाशी जाणारी. एका दुपारी पेजेला चव लागली आणि मी वाटी धरून बघतच राहिले. डोंगरावर ढग उतरला की तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्याकडे प्रत्येकजण मान वर करून बघतो, तशी मीही बघायचे. एके दिवशी भीतीच्या आधी मला त्याचं देखणेपण दिसलं. काडेपेटी वाचायची मी सोडून दिली. ठरवून नाही, त्याची आठवणच झाली नाही.

गोळ्यांचा त्यात मोठा वाटा होता, हे स्पष्ट लिहिते. ग्रंथवाचनाने आजार बरा होतो असं कुणी यातून काढू नये. दर आठवड्याला मी कापड्याहून महाडला डॉक्टरांकडे जात होते. आत्याची एक जाऊ म्हणाली, "डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते." आत्याने विचारलं, "तुझ्या बीपीच्या गोळीची नाय लागली?"

साहेबांचा फोन

रजा संपत आली तसा लॅबच्या साहेबांचा फोन बाबांकडे ठेवलेल्या माझ्या फोनवर आला. बाबा कापड्याला आले होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच स्वतः काही बोलले नाहीत.

"सुजाता, कशी आहेस? आम्ही तुला मिस करतोय. हलकं काम देऊ."

"सर, हलकं नको. माझं काम द्या, एका माणसाचं. आणि रेश्माकडूनही एकाच माणसाचं घ्या."

"बघू. वरून मंजुरी लागते."

"मंजुरी आली की मी येते. डॉक्टरांचं पत्र पाठवते."

मी ओरडले नाही, रडले नाही. पत्रकावर माझं नाव न घालता बाबांनी ते गेटवर वाटलं होतं. कंत्राटी कामगारांनीही त्यावर सह्या दिल्या. एक जागा भरली आणि मी कामावर परत गेले. दुसरी अजून रिकामी आहे, आणि तिची मागणी मी सोडलेली नाही. फक्त आता रविवारचा वर्ग दुसरी दोघं घेतात, स्कॉलरशिपचे फॉर्म विहारात सगळे मिळून भरतात. मी नसले तर काही अडत नाही, हे पाहून मला आधी अपमान वाटला होता. मग इतकं हलकं वाटलं, की त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भादव्यातली एक संध्याकाळ

कामावर परत जायच्या आधीची गोष्ट. भात गुडघ्याच्या वर आलेलं, पाऊस उघडझाप करणारा. आत्या आता बरीच सरावली होती. जोडाक्षरांवर चिडायची नाही. विठ्ठलकाका तिला ‘वाचक’ म्हणायला लागले होते, थट्टेने सुरू झालेलं, पण थट्टा कधीच गळून गेली होती. त्या दिवशी वीज गेली होती. आत्याला बॅटरीचा उजेड दाखवायला मी तिच्याजवळ बसले होते. ग्रंथाकडे मी बघत नव्हते. उजेड नीट पडतोय ना, एवढंच माझं लक्ष.

आत्याने पान उलटलं आणि वाचायला लागली.

आणि मला ते चुकीचं वाटलं. मागचं वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि हे त्याचं पुढचं नव्हतं.

"आत्या, दोन पानं उलटली. चिकटलीत."

"काय?"

"ओलसर आहेत. मधलं राहिलं. हे पान ‘आणि’ने सुरू होतंय, तिकडे पूर्णविराम नव्हता."

आत्या थांबली. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायला लागली. मग मला कळलं मी काय बोलले ते. अंधारात बॅटरीच्या गोल उजेडात ओळी शांत पडून होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. पहिली जागेवर होती. मी पुढे गेले तरी ती जागेवर होती. काळ्या शाईतून कुणीतरी बोलत होतं, न अडखळता, आणि मी विचारलंही नव्हतं. बॅटरीचा उजेड पानभर हलला.

विठ्ठलकाकांना दिसत नव्हतं, पण त्यांनाही कळलं होतं.

"दिसलं तुला?" आत्याने हळूच विचारलं.

"दिसलं."

तिने पदराने डोळे पुसले. मला वाटलं आता ती ग्रंथ माझ्याकडे सरकवणार. सगळ्यांनाच वाटलं. कुणीतरी मागून म्हणालंही, "दे गो तिला, वाचू दे."

"वाचेल की. तिला आख्खा जन्म हाय." आत्याने फुंकर घालून ती दोन पानं सुटी केली. "आज पाळी माझी हाय. तू गप बस, आणि बॅटरी हलवू नको."

मी दोन्ही हातांनी बॅटरी धरली आणि गप बसले.